दादीला समजेल असा खेळ

मगरिबची नमाज झाली की भावाच्या घरी एक चक्कर मारायची, हा माझा दोन वर्षांपासूनचा शिरस्ता. माहेर आणि सासर दोन्ही नंदुरबारातच, मध्ये दोन गल्ल्या. भाभीचा इंतकाल झाला तेव्हा तिचा मुलगा सहावीत होता. भाऊ टेम्पो घेऊन सुरतेला जातो, रात्री उशिरा परततो. घरात अम्मी आणि हा पोरगा. तो आईचा विषय काढत नसे. आम्हीही काढत नव्हतो.

एका संध्याकाळी गेले, तर साहेब मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेले. मांडीवर वही, हातात पेन. मी रागावणार तोच त्याने विचारलं, "फुप्पी, ग्रेव्ह म्हणजे कबर ना?"

माझा राग तिथेच गळून पडला. शेजारी बसले. कुणीतरी एक व्हिडिओ गेम खेळून त्याचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकलं होतं, ते तो थांबवत थांबवत बघत होता. खेळाचं नाव 'मदर ३'. एक छोटं गाव, त्यात दोन जुळे भाऊ. गोष्ट सुरू होते न होते तोच त्यांची आई मरते. बाप दुःखाने वेडापिसा होतो. एक भाऊ आईचा बदला घ्यायला निघतो आणि हरवतो. दुसरा, हळवा आणि भित्रा लुकास, मागे उरतो. पुढची गोष्ट या मागे उरलेल्या मुलाची.

अम्मी शाळेत गेलेली नाही. घरात आमची खानदेशी उर्दू, बाजारात अहिराणी आणि तहसील कचेरीत मोडकं मराठी, एवढ्यावर तिचं आयुष्य निघालं. तिनेही डोकावून विचारलं, "क्या हुआ रे वो बच्चे की माँ को?" पोराने दोन वाक्यं सांगितली आणि अडकला. इंग्रजी त्यालाच अर्धं कळत होतं. चिडून म्हणाला, "अपनी जबान में क्यों नहीं बनाते ये लोग?"

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. भाषेचा प्रश्न, आणि मला उत्तर येईना! पुण्यात कॉम्प्युटर शिकणाऱ्या माझ्या मुलाला फोन लावला. तो हसला. "अम्मी, हा खेळ कंपनीने इंग्रजीतसुद्धा आणलेला नाही."

मग त्याने सांगितलं ते असं. शिगेसातो इतोई या जपानी लेखकाची ही मालिका. पहिला भाग १९८९ चा. त्याचं इंग्रजी भाषांतर तेव्हाच तयार झालं होतं, पण विक्रीला आलं २०१५ मध्ये. दुसरा भाग १९९५ मध्ये अमेरिकेत गेला, पण फारसा खपला नाही. तिसरा २००६ मध्ये जपानात आला, तो 'गेम बॉय ॲडव्हान्स' या हातात धरायच्या यंत्रासाठी. तोवर त्याच निंटेन्डो कंपनीचं नवं यंत्र बाजारात येऊन वर्ष उलटलं होतं. जुन्या यंत्राच्या खेळावर भाषांतराचा खर्च कोण करणार? २०२४ मध्ये हा खेळ कंपनीने नव्या यंत्रावर पुन्हा दिला, तोही फक्त जपानात.

खर्च तरी कसला? पुस्तकाचं भाषांतर वाचून तपासता येतं. खेळातली वाक्यं प्रोग्रॅममध्ये विणलेली असतात. जपानीत चार अक्षरांत मावणाऱ्या गोष्टीला इंग्रजीत दहा-पंधरा लागतात, मग चौकट पुरत नाही. विनोद नव्याने रचावे लागतात. शेवटी सगळा खेळ पुन्हा खेळून चुका शोधायच्या. काही खेळांत गाण्यांचे हक्क परदेशासाठी वेगळे घ्यावे लागतात. एवढ्यांतलं एक जरी अडलं, तरी सगळंच राहून जातं.

आपल्या लिप्यांचं दुखणं आणखी वेगळं. 'कि' लिहिला की वेलांटी आधी दिसते, पण कॉम्प्युटरच्या हिशेबात 'क' आधी येतो. इंग्रजी अक्षरं एका रांगेत मांडायला बनवलेल्या प्रोग्रॅमला हे शिकवावं लागतं, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. उर्दू तर उजवीकडून डावीकडे, आणि नस्तालीक वरून खाली तिरकी उतरणारी. खुद्द पुण्यात बनलेला 'राजी' हा खेळ २०२० मध्ये आला तो इंग्रजी बोलतच. हिंदी आवाज २०२२ मध्ये मिळाला.

माझी समजूत होती की आपली भाषा लहान, म्हणून कुणी विचारत नाही. पण २०११ च्या जनगणनेत मराठी बोलणारे ८ कोटींहून जास्त आहेत आणि उर्दू बोलणारे ५ कोटी. कंपनी बोलणारे मोजत नाही, विकत घेणारे मोजते. फुकट यूट्यूब बघणारा आमचा पोरगा त्या हिशेबात येतच नाही.

ऐकताना मला मालेगावचे मामू आठवले. ते कातिब होते. एकेक ओळ बोरूने लिहायची, मग ती छापायची. ही लिपी मशीनच्या बसची नाही, असं ते अभिमानाने सांगत. पण लाहोरच्या 'जंग'ने १९८१ मध्ये कॉम्प्युटरच्या नस्तालीकमध्ये छपाई सुरू केली. मिर्झा अहमद जमील यांनी त्यासाठी हजारो जोडअक्षरं आधी हाताने लिहिली होती. कुणीतरी बसून ते काम केलं, म्हणून ते झालं.

'मदर ३'चंही तसंच झालं. क्लाइड मँडेलिन नावाचे एक भाषांतरकार आणि त्यांचे साथीदार, सगळे त्या खेळाचे चाहते. आपापली कामं सांभाळून त्यांनी तो इंग्रजीत आणला आणि ऑक्टोबर २००८ मध्ये लोकांना फुकट दिला. खेळ कंपनीचा म्हणून तो त्यांनी वाटला नाही, फक्त भाषांतराची फाइल दिली. २०१३ मध्ये ते सगळं काम कंपनीला मोफत देऊ केलं, पण कंपनीने अजून इंग्रजी आवृत्ती काढलेली नाही. आमचा पोरगा वाचत होता ते याच लोकांचं इंग्रजी.

फोन ठेवून मी हे सगळं त्याला सांगितलं. त्याने विचारलं, "मग मी दादीसाठी लिहू?"

दुसऱ्या दिवसापासून आमचं सुरू झालं. तो थांबवतो, मी अडलेला शब्द सांगते, तो देवनागरीत आमची घरची बोली लिहितो आणि दादीला वाचून दाखवतो. इंग्रजीतल्या 'मॉम'ला मी 'आई' सुचवलं. त्याने ते खोडून 'अम्मी' लिहिलं. त्याच्या आईला तो हीच हाक मारायचा.

सूर्यफुलांच्या शेतात लुकासला त्याची गेलेली आई दिसते, तो भाग त्याने हळू आवाजात वाचला. वाचून गप्प झाला. मीही गप्प. माझ्या अम्मीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "तेरे को दिखती क्या रे अम्मी?"

तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कभी कभी. रोटी बनाते वक्त की."

दोन वर्षांत पहिल्यांदा त्या घरात भाभीचं नाव निघालं. भाऊ सुरतेहून आला तेव्हा आम्ही तिघंही जागे होतो, तिच्याबद्दलच बोलत होतो. तो चपला काढून तिथेच उंबऱ्यावर बसला आणि ऐकू लागला.

वही अजून अर्धीच झाली आहे.