शेगडीपुढचा राजा

इब्री शास्त्रग्रंथांत बोलणाऱ्यांच्या धैर्याच्या गोष्टी पुष्कळ आहेत. मला जास्त अस्वस्थ करतात त्या ऐकणाऱ्यांच्या.

यिर्मयाच्या पुस्तकाचा ३६ वा अध्याय. इ.स.पू. ६०४ च्या सुमाराचा हिवाळा. यहूदाचा राजा यहोयाकीम यरुशलेमात शेगडीजवळ बसला आहे. संदेष्टा यिर्मयाने सांगितलेले, त्याचा लेखनिक बारूखने गुंडाळीवर लिहून घेतलेले शब्द त्याला वाचून दाखवले जात आहेत: बाबेलचा राजा येईल, हा देश उजाड करील. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखनिकाच्या चाकूने तेवढा भाग कापतो आणि शेगडीत टाकतो. पुन्हा वाचन, पुन्हा चाकू. तिघे अधिकारी विनवतात, जाळू नका. गुंडाळी संपेपर्यंत हे चालू राहते.

मला भीती वाटते ती त्याच्या शांतपणाची. तो चिडून गुंडाळी हिसकावत नाही, सगळी वाचू देतो. शब्द कानावर पडतात आणि आत उतरण्याआधीच त्यांची राख होते. अशा ऐकण्यातून माणूस कोरडाच बाहेर येतो.

त्याचा बाप योशीया. साधारण अठरा वर्षांपूर्वी मंदिराची डागडुजी चालू असताना मुख्य याजक हिल्कीयाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला आणि शाफान चिटणिसाने तो राजापुढे वाचला. योशीयाने अंगावरची वस्त्रे फाडली. पूर्वज या शब्दांप्रमाणे वागलेच नव्हते, हे त्याला कळून चुकले. मग त्याने हुल्दा संदेष्ट्रीकडे माणसे धाडली. तिचे उत्तर आले: संकट टळणार नाही, फक्त तुझ्या डोळ्यांदेखत येणार नाही.

इथे मी दर वेळी थांबतो. टळणारच नाही तर ऐकून करायचे काय, असे म्हणून योशीयाला ग्रंथ पुन्हा बासनात बांधून ठेवता आला असता. त्याने लहानथोर सगळ्यांना मंदिरात जमवले आणि तो ग्रंथ त्यांच्या कानांवर घातला. सुटकेची हमी नसताना ऐकणे, याहून मोठे धैर्य मला माहीत नाही.

आणि यहोयाकीमाला विनवणाऱ्या त्या तिघांत गमऱ्या होता, शाफानाचा मुलगा. ऐकण्याचा संस्कार चिटणिसाच्या घरात पुढे गेला. राजाच्या घरात एका पिढीत विझला.

जळालेली गुंडाळी यिर्मयाने बारूखकडून पुन्हा लिहवून घेतली, आणखी बरीच वचने घालून. ज्यांच्यावर हे सगळे ताशेरे होते, त्याच लोकांनी ते शतकानुशतके जपले, दुसऱ्यांना दाखवायला नव्हे, स्वतःला ऐकवायला. लेवीय पुस्तकाच्या २६ व्या अध्यायातले शाप फार भयंकर आहेत. पोटच्या पोरांचे मांस खाण्याची वेळ येईल, इथपर्यंत. ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनागृहात, तेही दरवर्षी वाचले जातात. वाचणारा आवाज खाली आणतो, पण मध्येच थांबायचे नाही, असा मिश्ना या जुन्या ज्यू नियमसंग्रहाचा नियम आहे. काही ठिकाणी या भागाच्या वेळी ग्रंथापाशी पुढे यायला मंडळीतले कुणी धजत नसे. तेव्हा ती पाळी वाचणारा स्वतःवर घेई.