सिअम रीपहून ताईला

सोमवार

प्रिय ताई,



सुखरूप पोहोचले. खोली स्वच्छ आहे, घरमालकीण मायाळू आहे. सकाळी नाक्यावर तांदळाच्या शेवया माशाच्या पातळ कालवणात घालून देतात; पोटभर होतं.

आज ता प्रोह्मचं देऊळ पाहिलं. झाडांच्या मुळांनी कवटाळलेल्या त्या भिंती सावरण्याच्या कामात अंगकोरची देवळं सांभाळणाऱ्या इथल्या अप्सरा प्राधिकरणाबरोबर आपलं पुरातत्त्व खातं आहे. त्याआधी १९८६ ते १९९३ या काळात अंगकोर वाटच्या डागडुजीलाही आपलीच माणसं आली होती. कंबोडियात तेव्हा लढाई पुरती थांबलेली नव्हती. ज्यांना दगडाचं काम कळतं ते आले आणि वर्षानुवर्षं राहिले, याचा मला फार अभिमान वाटला.

सातवा जयवर्मन या राजाने हे देऊळ आईच्या स्मरणार्थ बांधलं. इथल्या ११८६ सालच्या संस्कृत शिलालेखात त्याच्या राज्यातल्या १०२ आरोग्यशाळांचा उल्लेख आहे. राजाने देवळाच्या शिलालेखात दवाखान्यांचा आकडा कोरून घ्यावा, हे मनातून जात नाही.

बुधवार

प्रिय ताई,

तुझा निरोप मिळाला. 'तू शिक्षिका आहेस, तिथल्या एखाद्या अनाथाश्रमात आठवडाभर इंग्रजी शिकव' असं तू लिहिलंस. तुझी कळकळ कळते, पण मी जाणार नाही. का, ते सविस्तर सांगते.

ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेच्या १९७५ ते १९७९ च्या राजवटीत इथली अक्षरशः लाखो माणसं गेली. अनाथ मुलांचा प्रश्न तेव्हा खरा होता. पण शांतता आली, पर्यटक वाढले, तशा मुलांच्या या संस्थाही वाढल्या. २०११ साली युनिसेफने इथल्या सरकारबरोबर केलेल्या अभ्यासात दिसलं, की पाच वर्षांत संस्थांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली आणि तिथल्या चारांतल्या सुमारे तीन मुलांचे आई किंवा वडील हयात होते. घरी गरिबी असते. कोणी तरी येऊन सांगतं की शाळा मिळेल, जेवण मिळेल. आईबाप मूल धाडतात. पाहुणे येऊन देणगी देतात, त्यामुळे मूल घरी परतण्यापेक्षा संस्थेत राहिलेलं काही चालकांच्या फायद्याचं ठरतं. सगळ्याच संस्था अशा नाहीत, पण आठवडाभरासाठी आलेल्या मला त्यातली चांगली कोणती, हे कसं कळणार?

शिवाय माझा वर्ग तुला माहीत आहे. जूनमध्ये शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसलेलं पोर दिवाळीच्या सुमारास कुठे बोलू लागतं. इथल्या संस्थांत दर आठवड्याला नवी ताई येते, जवळ घेते, गाणी शिकवते, रडत रडत निघून जाते. त्या पोरांनी किती वेळा जीव लावायचा? आपल्या शाळेत कोणी अनोळखी माणूस वर्गात शिरून मुलांना मांडीवर घेऊ लागला, तर आपण त्याला फाटकाबाहेर काढू. इथल्या मुलांना तेवढं संरक्षण नको का?

फ्रेंड्स-इंटरनॅशनल ही संस्था प्रवाशांना हेच सांगते, की मुलं ही बघायला जायची ठिकाणं नव्हेत. तुमच्या बायकांच्या गटाने इथल्या मुलांसाठी जमवलेले पैसे मुलांना आपल्याच घरी राहून शिकता येईल अशा कामाला जावेत, असं मला मनापासून वाटतं. गटातल्या बायकांपुढे हे वाचून दाखव.

शनिवार

प्रिय ताई,

आज रक्त देऊन आले.

अंगकोरच्या रस्त्यावरच सातव्या जयवर्मनच्या नावाचं मुलांचं रुग्णालय आहे, कांथा बोफा रुग्णालयांपैकी. उपचार मोफत. बेआट रिश्नर या स्विस बालरोगतज्ज्ञाने १९९९ साली ते सुरू केलं. ख्मेर रूज आल्यावर १९७५ मध्ये त्यांना कंबोडिया सोडावा लागला होता. नव्वदीच्या सुरुवातीला राजे सिहानुक यांच्या विनंतीवरून ते परत आले आणि एकेक करत रुग्णालयं उभी केली. शनिवारी संध्याकाळी ते इथे चेलो वाजवत आणि पर्यटकांकडे मागणं मागत: तरुणांनी रक्त द्यावं, वयस्कांनी पैसे, मधल्यांनी दोन्ही. २०१८ मध्ये ते गेले. रुग्णालय चालू आहे आणि इथले डॉक्टर, परिचारिका जवळजवळ सगळे कंबोडियाचेच आहेत. मला सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

रक्ताची गरज इथे कायमची आहे. पावसाळ्यात डेंग्यूची मुलं येतात, थॅलसेमियाची तर बारमाही. ताप, औषधं, प्रवास सगळं विचारलं, बोट टोचून हिमोग्लोबिन पाहिलं. आपल्याकडच्या गणेशोत्सवातल्या शिबिरासारखंच. खाटेवर पडल्या पडल्या वाटलं, चार दिवसांच्या पाहुण्याने द्यावं ते हे: मी उद्या निघून गेले तरी कोणाचं मन तुटत नाही, कोणाची नोकरी जात नाही.

परवाचं 'फार' नावाच्या सर्कशीचं तिकीट काढलं आहे. निर्वासितांच्या छावणीत चित्रकला शिकलेल्या तरुणांनी १९९४ मध्ये बाटाम्बांगला शाळा काढली. हे कलाकार तिथेच तयार झालेले. तिकिटाच्या पैशातून त्यांचा पगार निघतो आणि शाळेलाही हातभार लागतो.

भाचेबुवा डिसेंबरात मित्रांबरोबर येणार आहेत ना? त्यांना सांग, अंगकोरला निघण्याआधी एक सकाळ रुग्णालयासाठी ठेवा. नीट नाश्ता करून, भरपूर पाणी पिऊन जायचं, आणि त्या दिवशी देवळांच्या उंच पायऱ्या चढायच्या नाहीत.

तुझी,
धाकटी