कोय, बाठा आणि आगंतुक सदस्य

आमच्या मराठी विभागाने बोलींतील शब्दांचा एक संग्रह संकेतस्थळावर ठेवला आहे. त्यात भर घालायची तर सदस्यनोंदणी करावी लागते. गेल्या वर्षी एका आठवड्यात तीनशेहून अधिक नोंदी आल्या. विद्यार्थ्यांना अखेर बोलीचा उमाळा आला म्हणून आनंदण्याचे मात्र कारण नव्हते. सदस्यनामे म्हणजे स्वरांवाचून एकापुढे एक मांडलेली व्यंजने, आणि ‘स्वतःविषयी’ या रकान्यात जुगाराचे, कर्जाचे नि औषधांचे दुवे.

या आगंतुकांचा मजकूर कोणी वाचावा अशी तो लिहिणाऱ्याची अपेक्षाच नसते. एखाद्या पानाकडे येणाऱ्या दुव्यांवरून शोधयंत्रे त्याचे वजन ठरवतात. तेव्हा दुवा कुठेतरी टेकवून ठेवायचा, एवढाच हेतू. ‘हा दुवा मोजू नका’ अशी खूण शोधयंत्रांनी २००५ साली मान्य केली, तरी हा उद्योग थांबला नाही, कारण नोंदणी करायला यंत्राला जवळपास काहीच खर्च येत नाही. अभिप्रेत वाचकाविषयी आपण वर्गात तासन्‌तास बोलतो. येथे तो वाचक म्हणजे एक गणिती सूत्र आहे.

पहिला उपाय साधा होता. अर्जात माणसाच्या डोळ्यांना न दिसणारा एक रकाना ठेवला. यंत्र अर्जाची संहिता वाचते, तोही रकाना भरते आणि पकडले जाते. बरेचसे पाहुणे येथेच गळाले. उरलेल्यांसाठी कॅप्चाची वेडीवाकडी अक्षरे सुचवण्यात आली. पण अंध विद्यार्थ्याने ती कशी वाचावी? शिवाय ती सोडवून देणारी माणसेही पैसे टाकून मिळतात. २०१०च्या एका अमेरिकी अभ्यासात हजार चित्रांमागे एक डॉलर किंवा त्याहूनही कमी दर आढळला होता, आणि सोडवणाऱ्यांत भारतातलेही लोक होते. म्हणजे यंत्र नसल्याचा दाखला विकणे हीच कोणाची तरी रोजी.

मग एका सहकाऱ्याने प्रश्न सुचवला : फणसाच्या बीला आठळी म्हणतात, तर आंब्याच्या बीला काय? उत्तर : कोय. मराठी माणूस चटकन ओळखू येईल, असा त्यांचा विश्वास. त्यावर कोकणातल्या बाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘आमच्याकडे बाठा म्हणतात. मग मी यंत्र का?’’ बैठकीत हशा पिकला. पण बोलींच्या संग्रहाच्या दारातच प्रमाणभाषेचा पहारेकरी बसवायला आपण निघालो होतो, हे सर्वांच्या ध्यानात आले.

प्रश्न ठेवला, मात्र ‘तुमच्याकडे काय म्हणतात?’ असा, आणि उत्तर तपासण्याचे काम यंत्राला दिले नाही. ती उत्तरे आम्ही आळीपाळीने वाचतो. काम कंटाळवाणे आहे, पण उत्तरांतूनच संग्रहाला शब्द मिळू लागले. २००७ साली लुईस फॉन आन यांच्या चमूने रीकॅप्चात हीच युक्ती केली होती : यंत्राला न वाचता आलेले जुन्या छापील मजकुरातील शब्द लोकांकडून वाचून घ्यायचे. आमची आवृत्ती अर्थातच गरिबाघरची.

ट्यूरिंगच्या १९५०च्या निबंधात परीक्षेचा पहिलाच नमुना-प्रश्न फोर्थ पुलावर सुनीत रचण्याचा आहे, आणि कविता आपल्याला जमत नाही असे सांगून उत्तर देणारा हात झटकतो. आजची यंत्रे तसे करत नाहीत. सुनीत मागा, लगेच मिळेल. आंब्याची बी विचारा, ‘कोय’ हे उत्तर शुद्ध लेखनासह हजर. परिणामी आमच्याकडे उलटेच घडू लागले आहे. ‘बाठा’ लिहिणारा निर्धास्त आत येतो, आणि ‘कोय’ लिहिणाऱ्याला आम्ही विरोप पाठवून आणखी दोन शब्द विचारतो. पुण्याच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी त्यावर रागाने लिहिले, की चाळीस वर्षे प्रमाण मराठी शिकवल्याची ही शिक्षा आहे काय. त्यांना सदस्यत्व दिले आहे. त्यांनी अद्याप एकही शब्द पाठवलेला नाही.