बर्फाचाही दुष्काळ असतो

जानेवारी २०२४ मध्ये आम्ही गुलमर्गला होतो. ऐन चिल्लई कलानात, म्हणजे काश्मीरच्या कडाक्याच्या थंडीच्या चाळीस दिवसांत, स्कीचे उतार कोरडे ठाक! पर्यटक म्हणत होते, पैसे वाया गेले. स्लेज ओढणारे मात्र गप्प आभाळाकडे बघत बसलेले. जूनमध्ये आपल्याकडचा शेतकरी बघतो ना, अगदी तसे.

महिनाअखेरीस बर्फ पडला, फेब्रुवारीत खेलो इंडियाचे हिवाळी खेळही झाले. बातमी संपली.

पण उशिरा पडलेला बर्फ लवकर वितळतो. आणि डोंगरावर साठलेला बर्फच तर पुढे झेलमला, सफरचंदाच्या बागांना पाणी देतो. म्हणजे हा दुष्काळच की! पाऊस दगा देतो तेव्हा आपण निदान पंचनामे तरी मागतो. स्लेजवाल्याच्या बुडालेल्या महिन्याचा पंचनामा कोण करणार?