कर्जतहून गेलेले पत्र

मुंबईच्या माणसाला कर्जत ठाऊक असते ते गाडीच्या खिडकीतून. पुण्याकडे निघालेल्या बहुतेक गाड्यांना घाट चढण्यासाठी इथे मागून जादा इंजिने लावतात. तेवढ्या अवधीत फलाटावरचा बटाटेवडा हस्तगत करायचा आणि हाश्शहुश्श करीत जागेवर येऊन बसायचे, एवढाच आपला या गावाशी ऋणानुबंध. गेल्या श्रावणात मात्र तिथे माझा चार दिवस मुक्काम घडला, आणि त्याला निमित्त झाले एक पत्र.

माझी भाची कर्जतला नववीत शिकते. जपान आणि दक्षिण कोरियातल्या दोन शाळांची मुले एकमेकांना ई-मेलने पत्रे लिहितात; त्या पंगतीत हिच्या बाईंनी आपलाही वर्ग नेऊन बसवला. आमच्या वेळी परदेशी पत्रमित्र म्हणजे तिकिटे जमवण्याची युक्ती. आता तिकीटच उरले नाही! पत्र क्षणात पोचते. लिहायला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो. सगळ्यांनी लिहायचे ते इंग्रजीत. ती भाषा कुणाच्याच घरची नसल्यामुळे चुकांची लाज कुणालाच नाही, ही त्यातली मोठी सोय.

वरवर हा पोरखेळ वाटेल. पण 1910 ते 1945 कोरियावर जपानचे राज्य होते. शेवटी शेवटी तर कोरियन लोकांना नावेसुद्धा जपानी घ्यायला लावली. जपानी गाण्यांना आणि सिनेमांना कोरियाची दारे किलकिली झाली ती 1998 पासून. 2002 मध्ये दोघांनी मिळून फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा भरवली खरी, पण जुने दुखणे अजून ठणकते. अशा दोन घरांतल्या मुली एकमेकींना ‘तुझ्या डब्यात काय असते?’ म्हणून विचारतात, ही लहान गोष्ट नव्हे.

या खेपेचा विषय होता ‘आमच्या भागातला आठवणीतला दिवस’. भाचीने 15 ऑगस्ट निवडला आणि माहिती गोळा करायला मला घेऊन खोपोली लोकलमध्ये बसली. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी... स्टेशनांची नावेच अशी की उतरून पडावेसे वाटते. दोन्ही बाजूंना भाताची खाचरे, आणि डोंगरावरून इतके धबधबे कोसळत होते की मोजण्याचा नाद सोडून दिला. 1856 मध्ये आगगाडी आली ती या खोपोलीपर्यंतच. पुढे सात वर्षे घाट चढायचा तो पालखीत नाहीतर तट्टावर.

खोपोली खालापूर तालुक्यातली. जवळच उंबरखिंड. 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला तिथे कोंडले. मी ती हकिकत सुचवली, तर भाची म्हणाली, “नको मामा, त्यात नावं फार. त्यांची जीभ बोबडी वळेल!”

तिला हव्या होत्या विजेच्या तारा. खोपोलीचे वीजघर 1915 चे, कर्जत तालुक्यातले भिवपुरीचे 1922 चे. वीज जायची मुंबईला. बेचाळीसच्या चळवळीत माथेरानचे वकील भाई कोतवाल आणि त्यांचा आझाद दस्ता यांनी त्या तारांचे मनोरेच पाडायला सुरुवात केली. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले.

इथवर पत्र झरझर उतरले. पुढे तिने लिहिले, की त्याच वर्षी नेताजींनी सिंगापुरात जपानच्या मदतीने आझाद हिंद सरकार स्थापन केले. आणि एकदम पेन थांबले.

“मामा, हे पत्र दोघींना जाणार आहे ना?”

मी शहरी माणूस. म्हटले, “गाळून टाक ते वाक्य, विषय संपला.”

“गाळलं तर खोटं नाही होणार, पण अर्धंच होईल.”

त्या एका वाक्यापायी दोन संध्याकाळी गेल्या. वहिनींची भजी निवून गेली. अखेर तिने लिहिले ते असे : “ज्या जपानने आमच्या नेत्याला मदत केली, त्याचेच राज्य तेव्हा तुझ्या देशावर होते. हे पत्र लिहायला बसले तेव्हा मला हे कळले.”

उत्तरे सप्टेंबरात आली. जपानी मुलीने लिहिले होते : 15 ऑगस्टच्या सुमारास आमच्याकडे पितरांचा सण असतो, सारे कुटुंब थडग्यांवर जाते. भर दुपारी बारा वाजता एक मिनिट स्तब्ध उभे राहायचे, कारण 1945 मध्ये त्याच दिवशी सम्राटाने रेडिओवर शरणागती सांगितली. सिंगापूरचे मात्र मला कुणी सांगितले नव्हते. बाबांना विचारले, तर ते बराच वेळ गप्प बसले.

कोरियन मुलीकडे तीच तारीख, पण दारावर झेंडा! तिथे त्या दिवसाला म्हणतात ‘ग्वांगबोकजोल’, म्हणजे प्रकाश परत आल्याचा दिवस. त्या अवघड वाक्यावर तिने अवाक्षर लिहिले नव्हते. खाली फक्त विचारले होते : “मनोरे पाडणाऱ्यांच्या स्वतःच्या घरी तेव्हा वीज होती का?”

तो प्रश्न घेऊन भाची सध्या दर रविवारी माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांतून जुन्या माणसांना भेटत हिंडते आहे. येत्या रविवारी मलाही बोलावले आहे. येताना वही आण म्हणाली.