आयटीआयची वही

शासकीय आयटीआयच्या वर्षाचा हिशेब चार आकड्यांत बसतो. मंजूर जागा, झालेले प्रवेश, परीक्षेला बसलेले, पास झालेले. पाचवा रकाना नोकरीचा. त्यावर बैठकीत कुणी फार रेंगाळत नाही. कॅम्पसच्या दिवशी कंपनीनं निवडलेला पोरगा त्या रकान्यात जाऊन बसतो. पुढे चाकणला खोलीभाडं आणि खाणावळ भागवून हातात काही उरेना, म्हणून तीन महिन्यांत तो कोरेगावला परत आला, तर त्याचं नाव खोडण्याची सोय त्या कागदात नाही. अहवाल खोटा नसतो, फक्त लवकर मिटलेला असतो.

*

कोणत्या ट्रेडची यादी कितीला बंद झाली हे पाहिलं की जिल्ह्याचं मन कळतं. इलेक्ट्रिशियन वर असतो. कोयनेचं धरण आणि पाटणच्या पठारावरच्या पवनचक्क्या ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे हे ओघानं आलंच असं वाटेल. पण आईबापांच्या डोक्यात धरण नसतं, महावितरण असतं. विद्युत सहाय्यकाच्या भरतीला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचं प्रमाणपत्र लागतं. सुरुवातीची तीन वर्षं मानधनावर काढली की पुढे कायम, आणि कायम म्हणजे लग्न.

वेल्डरचं उलट आहे. एका वर्षाचा कोर्स, तोही दहावी नापासाला खुला. त्यामुळे घरात त्याचं कौतुक नाही. खरं तर सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत वेल्डर रिकामा बसणं कठीण. साखर कारखान्याचा पट्टा पडला की ऑफ सीझनची दुरुस्ती निघते, उसाच्या ट्रॉल्या बनवणारी शेडं गावोगाव आहेत, कुपवाड आणि तासवड्याच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनची कामं असतात. ज्याला चांगला ‘रन’ मारता येतो, त्याला सर्टिफिकेट कुणी विचारत नाही. आयटीआयची अडचणही तीच आहे: चांगला वेल्डर तिच्या कागदाशिवाय चालतो आणि वाईट वेल्डरला तिचा कागद वाचवत नाही.

*

जुन्या गोष्टी या मुलखात शोधायला लांब जावं लागत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. तिथे बढती डावलली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी १०,००० रुपयांचं कर्ज आणि कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली. निवडुंग आणि सापांचं माळरान. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

मला यातला कारखान्यापेक्षा माणसं निवडण्याचा भाग महत्त्वाचा वाटतो. शाळेत न रमलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक यंत्रकार ठरले. शिक्षा भोगून आलेल्यांना राखणदार नेमलं गेलं. प्रवेशाची गुणवत्ता यादी नव्हती, पण गुणवत्तेची परीक्षा रोज होती: नांगर शेतकऱ्यानं विकत घ्यायचा होता, आणि लोखंडानं जमीन नासते असं म्हणून तो घेत नव्हता. माल पटला तरच खपणार. तिकडे सातारा रोडला धनजीशा कूपर यांनी नांगर आणि पुढे डिझेल इंजिनं काढली. हेच कूपर १९३७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले, काही महिन्यांपुरते का होईना. कर्मवीर भाऊराव पाटील आधी किर्लोस्करांचे नांगर विकत, मग कूपरांच्या कारखान्याच्या उभारणीत होते. ‘कमवा आणि शिका’ म्हणणारा माणूस आधी नांगराचा फिरता विक्रेता होता, हे त्यांच्या चरित्रात वाचताना आपण घाईनं पुढे जातो.

*

(औंध आज सातारा जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी सांगलीत. १९४९ ला ‘दक्षिण सातारा’ वेगळा निघाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. कामगारांच्या आणि सोयरिकींच्या बाबतीत ही वाटणी अजून पुरती झालेली नाही.)

*

मग आयटीआयच्या मालाचं गिऱ्हाईक कोण? पोरगा म्हणावा तर तो फी भरणारा, आणि शासकीय संस्थेत ती फी नाममात्र. कंपनी म्हणावी तर ती पैसे देत नाही आणि तक्रारही करत नाही, फक्त पुढच्या वर्षी येत नाही. सरकार खर्च करतं, पण सरकारला वेल्डिंगचा जोड तपासायचा नसतो.

ही पोकळी भरायला एक समिती काढली होती: संस्था व्यवस्थापन समिती, सगळे आयएमसी म्हणतात. २००७-०८ पासून केंद्रानं देशातल्या १,३९६ शासकीय आयटीआय खासगी भागीदारीत घ्यायच्या ठरवल्या. प्रत्येकीच्या आयएमसीला २.५ कोटींचं बिनव्याजी कर्ज. अध्यक्ष उद्योगपती, स्थानिक उद्योगांतले आणखी चार जण, सरकारनं नेमलेले पाच जण आणि सदस्य-सचिव म्हणून प्राचार्य. एकूण प्रवेशांपैकी २० टक्क्यांपर्यंत जागा ठरवण्याचा अधिकारही समितीला. कागदावर रचना चोख आहे. गिऱ्हाइकालाच दुकानाच्या गल्ल्यावर बसवलं होतं.

कर्जाच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. पहिली दहा वर्षं परतफेड नाही, पुढे वीस समान वार्षिक हप्ते. म्हणजे वर्षाला साडेबारा लाख. २००८ च्या सुमारास घेतलेलं कर्ज मूळ अटींप्रमाणे २०३८ च्या सुमारास फिटायचं. त्या वर्षी सोळाव्या वर्षी फिटरला बसलेला पोरगा तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा असेल. औंधच्या १०,००० रुपयांना नांगर विकून परतफेड होती. या अडीच कोटींना कशाची? समितीनं कमावती व्हावं अशी अपेक्षा होती: जादा तुकड्या, छोटे कोर्स, बाहेरची कामं. पण रकमेचा काही भाग बीजभांडवल म्हणून ठेवायची मुभा योजनेतच होती, आणि ठेवीचं व्याज हे उत्पन्नाचं सर्वांत बिनघोर साधन आहे. उद्योजक अध्यक्षाला हे पहिल्या बैठकीत कळतं. स्वतःच्या कारखान्यात तो असे पैसे झोपवून ठेवणार नाही, पण इथे ऑडिट आहे, टेंडर आहे, सह्या आहेत. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. कारखान्यात चुकलं तर तोटा होतो, इथे चुकलं तर चौकशी.

*

डेड स्टॉक रजिस्टर हा शब्द मराठीत कुणी बदलला नाही, बरं केलं. वर्कशॉपमधला लेथ चालत नसला तरी रजिस्टरला असतो. तो ‘निर्लेखित’ होईपर्यंत संस्थेकडे लेथ आहे असंच धरलं जातं, म्हणून नवा मागता येत नाही. निर्लेखनाला प्रस्ताव, समिती, मूल्यांकन, लिलाव. तोवर वीस पोरांच्या तुकडीत चालू लेथ दोनच असले तर अठरा पोरं उभी राहून बघतात. तासांच्या हिशेबात मात्र विसांचंही ‘प्रात्यक्षिक’ झालेलं असतं. हजेरी ऐंशी टक्के भरली की परीक्षेला बसता येतं. हजेरी पोराची मोजली जाते, लेथची नाही.

फिटरचं पहिलं काम अजून कानस. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा, सपाट करायचा, काटकोनात आणायचा, व्हर्नियर लावायचा. सामान्य व्हर्नियर ०.०२ मिलिमीटर दाखवतो. त्या तुकड्याला ‘जॉब’ म्हणतात. त्या वयात मोबाईलवर दिवस काढणाऱ्या पोराला आठवडाभर एकच पृष्ठभाग घासायला लावणं ही शिक्षा वाटते, पण त्यातून जो तरतो त्याच्या हाताला नंतर सीएनसीवरचा मापातला फरक लागतो. हे चुकवता येत नाही आणि ऑनलाइन करता येत नाही. थिअरीचा पेपर आता संगणकावर होतो, तो सोपा. जॉब कोण तपासतो, हा खरा प्रश्न.

जर्मनीत हे वेगळं आहे. तिथला शिकाऊ मुलगा बहुतेक आठवडा कंपनीत आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत असतो, आणि शेवटची परीक्षा उद्योगांचं चेंबर घेतं. म्हणजे शिकवणारी शाळा निकालाची मालकीण नसते. आपल्याकडे २०१६ पासून ड्युअल सिस्टिम आहे, पण दूरच्या कंपनीत पोरगं पाठवायचं तर प्रवास कुणाचा, अपघात झाला तर जबाबदारी कुणाची, इथंच गाडी थांबते. जतच्या पोराला शिरवळला कोण नेऊन सोडणार?

*

आयटीआयच्या पोरांचं विद्यावेतन महिन्याला ४० रुपये होतं. चार दशकं तेवढंच. २०२३ मध्ये ते ५०० करायचं ठरलं. मधल्या काळात हे ४० रुपये कुणाला लाजिरवाणे वाटले नसतील असं नाही, पण ते बदलण्याचा अधिकार असलेल्या कुणाला वाटले नाहीत.

निदेशकांचं दुखणं जुनंच. कायम जागा रिकाम्या, काम तासिका तत्त्वावर. तासावर पैसे घेणारा माणूस वर्कशॉपला कुलूप लागल्यावर मशीनचं तेल बघायला थांबणार नाही, आणि त्याने का थांबावं?

*

आयटीआयशिवायही धंदे शिकले जातात. विट्याचा एक माणूस, सांगलीच्या खानापूर-आटपाडी पट्ट्यातला कुठलाही म्हणा, केरळात किंवा तमिळनाडूत गलाईचं दुकान चालवतो. सराफाचं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायची. या भागातले हजारो लोक देशभर पसरलेत. पोरगं मामाच्या किंवा चुलत्याच्या दुकानात जातं, भट्टीजवळ उभं राहून शिकतं, ॲसिडचा धूर खातं, दोन-चार वर्षांनी स्वतःची भट्टी लावतं. यात अभ्यासक्रम नाही, निदेशक नाही. दुसऱ्याचं सोनं हातात येतं, तेव्हा जामीन असतो गावाच्या नावाचा. कुणी घोटाळा केला तर त्या पेठेत पुढच्या गावकऱ्याला काम मिळणं अवघड. इतकं कडक उत्तरदायित्व कोणत्याही शासन निर्णयात नाही.

मिरजेच्या सतारीचंही तसंच. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांतून एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं करायला सुरुवात केली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा सोलापूरकडचा, हात मिरजेचा, परीक्षक वाजवणारा. तारेचा नाद खुलवणारी जवारी नीट लागली नसेल तर तो वाद्य परत पाठवतो.

पण याचे गोडवे गाण्यात धोका आहे. गलाईत परक्या जातीच्या, परक्या गावच्या पोराला सहज जागा मिळत नाही, मुलीला तर नाहीच. ॲसिडमुळे छाती गेली तर विमा नाही. आयटीआयचा सगळा पसारा आहे तो यासाठीच: मामा नसलेल्यांसाठी. मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. आजही त्या जास्त करून कोपा (संगणकाचा ट्रेड) आणि शिवणकामाकडे जातात, पण मशिनिस्टच्या शेडमध्ये एप्रन घालून उभी असलेली मुलगी आता दुर्मिळ राहिलेली नाही. तिला ती जागा कुठल्याही घराण्यानं दिली नसती.

*

२०२५ मध्ये दोन घोषणा झाल्या. केंद्राची पीएम-सेतू: १,००० आयटीआय, २०० ‘हब’ आणि ८०० ‘स्पोक’, ६०,००० कोटी. राज्याचं नवं भागीदारी धोरण: दहा वर्षांसाठी किमान दहा कोटी किंवा वीस वर्षांसाठी वीस कोटी देणाऱ्या भागीदाराला संस्था दत्तक. २००७ च्या योजनेत सरकारचे पैसे उद्योगाच्या हाती दिले होते, आता उद्योगानं स्वतःचे आणायचे. हे मला जास्त बरं वाटतं. स्वतःचे दहा कोटी घातलेला माणूस बंद लेथ पाहून गप्प बसणार नाही. फक्त त्याला शिकाऊ पोरं हवीत की स्वस्त कामगार, हे त्यानं नव्हे, दुसऱ्या कुणी तपासलं पाहिजे.

*

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) प्रमाणे प्रत्येक शासकीय संस्थेनं सतरा मुद्द्यांची माहिती आपणहून प्रसिद्ध करायची असते: कर्मचारी, अधिकार, अंदाजपत्रक, खर्च. आयटीआयलाही ते लागू आहे. २००५ चा कायदा. या सतरा मुद्द्यांत आयएमसीच्या बैठकांचं इतिवृत्त पाहता येतं का, हेही येतं. पालक विचारत नाहीत. दहावीच्या निकालानंतर ते कट ऑफ विचारतात, हॉस्टेल विचारतात, ‘जॉब लागंल का’ विचारतात.

*

आयएमसीच्या रचनेत एक तपशील आहे, तो बहुतेकांच्या लक्षात नसतो. सरकारनियुक्त पाच सदस्यांत एक प्रतिनिधी विद्यार्थ्यांचा. उद्योगपती अध्यक्षाशेजारी अठरा वर्षांचा टर्नर. नियम लिहिणाऱ्याला हे कसं सुचलं कोण जाणे, पण सुचलं. त्या पोरानं फक्त दोन गोष्टी सांगाव्यात: शेडमधली कोणती मशीन बंद आहे, आणि मागच्या वर्षी पास होऊन लागलेल्यांतलं कोण गावात परत आलंय. दोन्ही त्याला माहीत असतात. बैठक कामकाजाच्या दिवशी ठेवली तर त्या दिवशीची त्याची हजेरी लावायची की नाही, हेही एकदा इतिवृत्तात लिहून टाकावं.