जात, नस्ल आणि गुडघ्याची वाटी

आमच्या घरांत कुत्रा पाळायची रीत नाही. राखणीला किंवा शिकारीला कुत्रा ठेवायला हरकत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण लाळ कपड्याला लागली तर नमाजचं काय, या प्रश्नावर बहुतेक घरांत विषय संपतो. त्यामुळे मी कुत्र्यांच्या गुडघ्यांवर लिहावं याचं तुम्हाला नवल वाटेल. कारण आहेत आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई आणि त्यांचा चिकू.

चिकू पामेरियन, वय दोन वर्षं. चालता चालता मागचा एक पाय उचलतो, तीन पायांवर चार उड्या मारतो आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढे चालू लागतो. घरच्यांना ती त्याची लाडिक सवय वाटायची. जनावरांच्या डॉक्टरांनी गुडघा चाचपला आणि सांगितलं, वाटी खाचेतून आतल्या बाजूला निसटते. या दुखण्याच्या ४ पायऱ्या मानतात. पहिलीत वाटी हाताने सरकवली तरच सरकते आणि लगेच जागेवर येते. चौथीत ती कायमची खाचेबाहेर असते. चिकूची पायरी दुसरी. शस्त्रक्रियेची घाई नको, वजन वाढू देऊ नका, आणि याची पिल्लं घेऊ नका, असं डॉक्टर म्हणाले.

बाई अडल्या त्या शेवटच्या सूचनेवर. एका ओळखीच्यांनी त्यांच्या मादीसाठी चिकूला मागितलं होतं, बदल्यात एक पिल्लू मिळणार होतं. "पाय थोडा लंगडतो हो, पण जात अस्सल आहे," बाई मला म्हणाल्या.

मी मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवते, त्यामुळे या वाक्यात अडकून पडले. इंग्रजीतल्या 'ब्रीड'ला मराठीत आपण सरळ 'जात' म्हणतो, उर्दूत 'नस्ल'. 'अस्सल' आला अरबी 'असल'वरून, म्हणजे मूळ. पण या कुत्र्यांचं मूळ पाहायला गेलं तर फार जुनं निघत नाही. इंग्लंडात न्यूकॅसलला कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं १८५९ साली, लंडनचा केनेल क्लब निघाला १८७३ साली. मग वंशावळीच्या वह्या आल्या आणि नियम आला : आई-बाप दोघंही वहीत असतील तरच पिल्लू अस्सल. पामेरियन तेव्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. राणी व्हिक्टोरियाने १८८८मध्ये फ्लॉरेन्सहून मार्को नावाचा लहान चणीचा पामेरियन आणला आणि लहान कुत्र्यांची चढाओढ लागली. लहानातून लहान निवडत गेले. आपल्याकडे गल्लोगल्ली ज्याला पामेरियन म्हणतात तो तर पुष्कळदा इंडियन स्पिट्झ असतो, म्हणजे अस्सलपणाची हमीही तोंडीच.

आता जनुकशास्त्र काय सांगतं ते पाहू. चिकूच्या गुडघ्याला कुठलं एकच जनुक जबाबदार नाही. पुष्कळ जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो. म्हणून रक्त तपासून 'हा कुत्रा निर्दोष' असं खात्रीने सांगणारी चाचणी अजून नाही. हाताने गुडघे तपासणं हाच मार्ग. नेदरलँड्समध्ये कोइकर जातीच्या कुत्र्यांचे गुडघे पैदाशीआधी तपासू लागल्यावर हे दुखणं कमी झालं.

डॅशहुंडची गोष्ट याहून अवघड आहे. बिळात शिरून बिज्जूची शिकार करण्यासाठी हा आखूड पायांचा कुत्रा घडवला गेला. २००९मध्ये अमेरिकेत एलेन ऑस्ट्रँडर यांच्या गटाला त्या आखूड पायांचं कारण सापडलं : एफजीएफ४ या जनुकाची एक जादा प्रत १८व्या गुणसूत्रावर जाऊन बसली आहे. पोराने वहीत एकच परिच्छेद दोनदा उतरवावा, तसं. २०१७मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या डॅनिका बॅनाश यांच्या गटाला आणखी एक प्रत सापडली, १२व्या गुणसूत्रावर. हिच्यामुळे मणक्यांमधल्या गाद्या लहान वयातच कडक होतात आणि कधी सटकून मज्जारज्जूवर दाबतात. मागचे पाय लुळे पडू शकतात. ही प्रत नसलेला डॅशहुंड शोधूनही क्वचितच सापडतो. चाचणी आहे, पण जातीच्या आत निवडायला निर्दोष कुत्राच जवळपास नाही. बाहेरचं रक्त आणायचं, तर वही म्हणते ते पिल्लू अस्सल नाही.

याच बॅनाश यांनी सहकाऱ्यांसह २०२१मध्ये २२७ जातींचा हिशेब मांडला. जवळच्या नात्यातल्या पैदाशीचं सरासरी प्रमाण निघालं सुमारे २५ टक्के. सख्ख्या भावाबहिणीच्या संततीत असतं तेवढं.

हा आकडा वाचून मला आपले रिश्ते आठवले. चुलत, मामे, मावस भावंडांच्या मुलांमध्ये हे प्रमाण ६.२५ टक्के असतं. म्हणजे आपण कुत्र्यांच्या वह्यांपासून दूर आहोत, आणि अशा लग्नांतली बहुतेक मुलं धडधाकटच जन्मतात. पण तेच दार पिढ्यान्‌पिढ्या बंद राहिलं की आकडा चढत जातो. महाराष्ट्रातल्या अनेक हिंदू घरांतही मामाच्या मुलीवर हक्क सांगायची रीत आहे, तेव्हा हा एकट्या मुसलमानांचा प्रश्न नव्हे. शरीयतने असं लग्न जायज ठरवलं, फर्ज नाही. 'खानदान माहीत आहे' असं म्हणत आपण रिश्ता पक्का करतो, तेव्हा त्याच खानदानात एखादा आजार दोनदा-तीनदा दिसला आहे का, हे विचारायला तोंड उघडत नाही. विचारलं तर बेअदबी होते. डॉक्टरकडे जाऊन विचारायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

माणसाला निदान 'कबूल नाही' म्हणता येतं. जनावराचा रिश्ता सर्वस्वी माणूस ठरवतो. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला माफी मिळाली, ही हदीस आपण मुलांना सांगतो. मग मुद्दाम घडवलेल्या दुखण्याचा जाब कुणी द्यायचा? तुमच्या ओळखीत कुणी पिल्लू घेत असेल तर त्यांना एवढं सांगा : कागद नंतर पाहा. आधी त्याच्या आई-बापाला अंगणात चालताना पाहा, आणि दोघांचे गुडघे डॉक्टरांनी तपासलेत का ते विचारा. विकणारा टाळाटाळ करू लागला, तर तेच उत्तर समजा.